तिकडचा डाव

"तिकडचा डाव," असं म्हणून मुंगीने फासा टेबलावरून अलगद पलीकडे सरकवला आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

ड्रायव्हरने फासा उचलला, तळहातात घोळवला, टाकला. तीन. त्याची सोंगटी म्हणजे गणवेशाच्या शर्टाचं एक तुटलेलं पितळी बटण होतं. ते त्याने तीन घरं पुढे नेलं.

"इकडचा," मुंगी म्हणाली आणि फासा स्वतःकडे ओढला.

बाहेरच्या कुणाला यात काही वावगं वाटलं नसतं. पण ड्रायव्हर या घरात राहायला येऊन वर्ष होत आलं होतं आणि एवढ्या दिवसांत या पोरीने त्याला एकदाही हाक मारली नव्हती. बाबा नाही, काका नाही, अहो नाही की अरे नाही. 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे ठरवायची वेळच येऊ नये म्हणून तिने बोलायची एक वेगळीच रीत शोधून काढली होती. "चहा झालाय." "पाणी हवंय का?" "आई आज उशिरा येणार आहे." "दार लावायचं राहिलंय." आठ वर्षांची पोर, पण ओल्या फरशीवरून कोरडी जागा बघत जावं तशी शब्दांतून चालायची. ड्रायव्हरला वाईट वाटायचं, पण मनातल्या मनात तो दादही द्यायचा. वीस वर्षं भर गर्दीतून बस काढलेला माणूस तो. कुणाला धक्का न लावता वाट काढणं किती अवघड असतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

मुंगी हे तिचं घरातलं नाव, तिच्या वडिलांनी ठेवलेलं. जन्मली तेव्हा इवलीशी होती आणि पाळण्यात क्षणभर स्वस्थ पडत नसे, म्हणून मुंगी. वडील गेले तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती. साधा ताप म्हणून अंथरुणावर पडले, ते उठलेच नाहीत. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि रोज सकाळी ड्रायव्हरच्याच बसने कामावर जायची. सहा महिने नुसती ओळखीची मान हलवणं झालं, मग दोन शब्द, मग चार. ड्रायव्हर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. पेंगणाऱ्या प्रवाशाचा थांबा निघून जावा तसं त्याचं लग्नाचं वय कधी मागे पडलं ते त्याला समजलंच नव्हतं. एका नोंदणी कचेरीत दोन साक्षीदारांसमोर त्यांनी सह्या केल्या. मुंगी बाकावर बसून पाय हलवत सगळं बघत होती. तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही.

"त्यात काय एवढं?" त्याचा कंडक्टर म्हणाला होता. कंडक्टर तीन पोरांचा बाप, त्यामुळे या विषयातला जाणकार. "रोज एक चॉकलेट न्यायचं. आठ दिवसांत गळ्यात पडते की नाही बघ."

ड्रायव्हरने सात दिवस सात चॉकलेटं नेली. मुंगीने ती घेतली आणि खिडकीच्या फळीवर ओळीने मांडून ठेवली, कागदसुद्धा न काढता. शेवटी फळीवरच्या चॉकलेटांना मुंग्या लागल्या, पण ही मुंगी काही त्यांच्याकडे फिरकली नाही.

मग एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. आईला सुट्टी मिळेना, म्हणून ड्रायव्हर पहिली पाळी संपवून तसाच खाकीत गेला. वर्गाच्या बाईंनी त्याला बुटक्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते.

"वाचायला येतं तिला. अक्षर तर सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "पण वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. नाव विचारलं तरी खाली बघते. आता तर बाकीची मुलंच तिच्याऐवजी उत्तरं देतात. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा आहे. सगळ्यांसमोर उभं राहून तीन मिनिटं बोलायचं, एखादी येत असलेली गोष्ट समजावून सांगायची. तेव्हाही ती गप्प राहिली, तर मला तिला पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल. घरी बोलते का?"

"बोलते. मोजकं."

"आणि तुमच्याशी?"

ड्रायव्हर टोपी हातात फिरवत राहिला. "मी वडील नाही तिचा," तो म्हणाला. "म्हणजे... घरचाच आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी डेपोत सामान साफ करायला काढलं. बसमध्ये विसरलेल्या वस्तू वर्षभर सांभाळायच्या आणि मग ज्याला हवं त्याने न्यायचं, अशी तिथली पद्धत. छत्र्यांवर उड्या पडल्या. एकेकटे हातमोजे, चष्मे, एक कुबडी (कुबडी विसरून माणूस चालत कसा गेला, यावर अर्धा तास चर्चा झाली) आणि सगळ्यात खाली एक चपटं खोकं. ते कुणालाच नको होतं. ड्रायव्हरने झाकण उघडून पाहिलं. आत घडीचा पट होता. एका डोंगराभोवती वळसे घेत वर जाणारी वाट आणि त्यावर ऐंशी घरं. एक फासा, एक लाल सोंगटी, आणि कुठल्याशा अनोळखी लिपीतली पाचसहा कार्डं. बाकी सगळं हरवलेलं.

घरी येऊन त्याने ते टेबलावर मांडलं आणि तो चहा प्यायला लागला. मुंगीला काही म्हणाला नाही. थोड्या वेळाने ती टेबलाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"कसं खेळायचं?" तिने पटाला विचारलं.

"कोण जाणे. नियमांचा कागद हरवलाय."

"मग?"

"मग काय? आपणच करू नियम. पण मला अक्षर धड नाही. कुणीतरी लिहून घ्यायला हवं."

मुंगीने दप्तरातून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर रेघ मारली.

नियम करायचे म्हणजे बोलावं लागतं. नुसतं बोलून भागत नाही, वादही घालावा लागतो. सहा पडले तर पुन्हा टाकायचं का? एका घरात दोन सोंगट्या आल्या तर? पहिला नियम ड्रायव्हरने सांगितला : खोटं खेळायचं नाही. दुसरा मुंगीने : रडायचं नाही. यावर ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली, मग तिने तो खोडून नवा लिहिला : रडलं तरी चालेल, पण डाव सोडायचा नाही. डेपोतल्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू कापून त्यांनी कार्डं केली. ड्रायव्हरने लिहिली : 'चाक पंक्चर. दोन डाव थांबा.' 'सगळे सिग्नल हिरवे. पाच घरं पुढे.' मुंगीने लिहिली : 'रस्त्यात मैत्रीण भेटली. तीन घरं पुढे.' 'मैत्रीण बोलतच बसली. चार घरं मागे.'

सुट्टीच्या दिवशी आईही येऊन बसायची, पण तिला गप्प बसवायचं नाही. "अगं, ते कार्ड नको घेऊस. अहो, तुम्ही सरळ जा ना!" तिसऱ्यांदा असं झाल्यावर मुंगीने वही उघडली, चौथा नियम लिहिला आणि आईसमोर धरला : ज्याचा डाव त्याचाच. मध्ये कुणी बोलायचं नाही, घाई करायची नाही.

"माझ्याच घरात मला बंदी!" आई म्हणाली आणि हसत हसत उठून गेली.

दुपारी दोनला मुंगी शाळेतून यायची, साडेसहाला आई. मधले चार-साडेचार तास पूर्वी या घरात नुसतं घड्याळ वाजायचं. आता फासा वाजू लागला. अभ्यास आधी, खेळ मग, असं ड्रायव्हरने कधी सांगितलं नाही. उलट मुंगीच घाईघाईने गृहपाठ उरकून टेबल रिकामं करायची. घरं मोजता मोजता तिची बोटांवर मोजायची सवय सुटली. फासा पडला की सोंगटी कुठे जाणार हे ती बघताक्षणी सांगायची. कार्ड उचललं की मोठ्याने वाचायचं, असा नियम होता. पहिले काही दिवस ती पुटपुटायची. "ऐकू आलं नाही," ड्रायव्हर म्हणायचा. "इंजिनाजवळ बसून बसून कान गेलेत." ते तितकंसं खरं नव्हतं. पण हे काही खेळातलं खोटं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

हरली की मात्र तिचा चेहरा बघवायचा नाही. ओठ घट्ट मिटून ती सोंगट्या खोक्यात भरायची. आईला राहवेना. "अहो, लहान आहे ती. एकदा जिंकू द्या की." कंडक्टरचंही तेच मत पडलं. तेव्हा एकदा ड्रायव्हरने शेवटच्या वळणावर मुद्दाम घरं चुकीची मोजली. मुंगी जिंकली. ती त्याच्या बटणाकडे बघत राहिली, मग तिने ते उचलून जिथे असायला हवं होतं तिथे ठेवलं. पट मिटला आणि खोकं कपाटावर टाकून दिलं. चार दिवस खेळ बंद.

पाचव्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "पहिला नियम मी मोडला. पुन्हा नाही मोडणार."

मुंगीने खुर्चीवर चढून खोकं खाली काढलं. "तिकडचा डाव," ती म्हणाली.

हा प्रसंग झाल्यावर महिनाभराने एक गोष्ट घडली. ड्रायव्हरचं बटण एकाहत्तराव्या घरात होतं, मुंगीची लाल सोंगटी अठ्ठावनाव्या. तिने कार्ड उचललं आणि ती वाचेचना. त्याने वाट पाहिली. तिचा डाव होता. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता.

"ताप आला," मुंगीने शेवटी वाचलं. "पहिल्या घरात जा आणि तिथेच थांबा."

हे कार्ड त्याने आधी पाहिलं नव्हतं. अक्षर तिचं होतं. तिने आपली सोंगटी उचलून डोंगराच्या पायथ्याशी ठेवली.

"किती डाव थांबायचं?" त्याने विचारलं.

"लिहिलं नाहीये." ती पटाकडे बघत होती. "किती ते माहीतच नव्हतं."

ड्रायव्हरने फासा टाकला. चार पडले. त्याने बटण उचललं आणि एक, दोन, तीन, चार असं मोजत मागे नेलं.

"पुढे जायचं असतं," मुंगी म्हणाली.

"वहीत कुठे लिहिलंय तसं?"

तिने वही उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं पाहिली. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. तिचा डाव नव्हताच, म्हणून तो पुन्हा टाकायचा, पुन्हा मागे यायचा. पाच. दोन. सहा. एक. जिंकायला आलेलं बटण वळणावळणाने खाली येत होतं. पन्नास. पंचेचाळीस. चाळीस. मुंगीचं नाक लाल व्हायला लागलं.

"मुद्दाम हरतोयस ना?" ती एकदम ओरडली. "मला नाही आवडत मुद्दाम हरलेलं! तू म्हणाला होतास पुन्हा नाही करणार!"

ड्रायव्हरचा हात फाशावर थबकला. वर्षभर जे चुकवत चुकवत ती चालली होती, ते रागाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्या तोंडावर काही दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली.

"हरत नाहीये," तो म्हणाला. "घ्यायला येतोय. वर एकटा पोचून मी काय करू?"

मुंगीने बाहीने नाक पुसलं आणि फासा त्याच्या हातात कोंबला. "टाक मग. लवकर टाक. अजून किती लांब आहेस!"

पायथ्याशी पोचायला त्याला आणखी अकरा वेळा फासा टाकावा लागला. बटण लाल सोंगटीशेजारी येऊन बसलं, तेव्हा मुंगीने वहीत नवा नियम लिहिला : ताप आला तर दुसऱ्याने घ्यायला यायचं. मग दोघांनी मिळून निघायचं.

त्या संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा ड्रायव्हर दारातच उभा होता. "आज माझ्याशी भांडली," त्याने सांगितलं.

"अगं बाई! कशावरून?"

"ते सोड. चांगली कडाकडा भांडली. मला चक्क 'तू' म्हणाली." आणि मग पदक मिळाल्यासारखा चेहरा घेऊन तो चहा टाकायला आत गेला.

परीक्षा आली तेव्हा त्याची पाळी बदलली होती. अडीचला डेपोत सही, तीनला बस बाहेर. परीक्षा बाराला सुरू होणार होती, म्हणून तो निर्धास्त होता. आईला त्या दिवशीही सुट्टी मिळाली नाही. "सगळं नीट बघा आणि मला जसंच्या तसं सांगा," असं बजावून ती गेली. मुंगी कशावर बोलणार आहे, हे तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पाठीमागच्या बाकांवर पालक, पुढे मुलं. मुंगीचा नंबर एकतिसावा.

पण मुलं तीन मिनिटांत थोडीच थांबतात? एकाने कागदाची होडी करून दाखवली, ती तीनदा फाटली. एकीने वेणी कशी घालायची ते सांगायला धाकट्या बहिणीला पुढे आणलं, तर बहिणीने भोकाड पसरलं. दोन वाजून गेले तेव्हा सव्विसावा नंबर चालू होता. डेपो इथून वीस मिनिटांवर. ड्रायव्हर एकदा उठला, दारापर्यंत गेला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने कधी कुणाला थांब्यावर ताटकळत ठेवलं नव्हतं. त्याने मुंगीच्या पाठीकडे पाहिलं. ती मागे वळून बघत नव्हती. तो परत येऊन बसला.

दोन वाजून सव्वीस मिनिटांनी तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि बाकाखालून चपटं खोकं काढून पुढे गेली. खोकं टेबलावर ठेवलं. वर्गाकडे तोंड केलं. आणि खाली बघत उभी राहिली.

कुणीतरी फिदकन हसलं. पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, ती बोलतच नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पेनाचं टोपण काढलं. "बाळ, नसेल जमत तर राहू दे. आपण..."

मुंगीने मान वर केली.

"थांबा," ती म्हणाली. "आत्ता माझा डाव आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज बारीक होता, पण मागच्या भिंतीपर्यंत पोचला होता. इंजिनाजवळ बसणाऱ्या माणसालाही ऐकू येईल एवढा.

"हा खेळ बसमध्ये कुणीतरी विसरलं होतं," मुंगीने सुरुवात केली. "याचे नियम हरवले होते. मग आम्ही नवे केले. एकूण चौदा आहेत." तिने पट उघडून उभा धरला. एकेक नियम सांगत गेली. सहावा विसरला, आठव्यावर आल्यावर आठवला, "थांबा, दोन मागे जाऊ," असं म्हणून तिने तो सांगितला. कार्डं दाखवली. मैत्रीण बोलतच बसल्याचं कार्ड वाचलं तेव्हा वर्ग हसला. ती दचकली, आणि मग स्वतःही हसली. तापाचं कार्ड तिने न थांबता वाचलं.

"जिंकतं कोण?" मघाच्याच मुलाने विचारलं.

"जास्त वेळा तो." मुंगीने सरळ मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. सगळ्या वर्गाने माना वळवल्या. "तो मुद्दाम हरत नाही. मी त्याला सहा वेळा हरवलंय. खरं खरं."

बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला खाकीतला माणूस आपसूक ताठ झाला. काय करावं ते न सुचून त्याने टोपी डोक्यावर घातली, मग वर्गात आहोत हे लक्षात येऊन काढली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. साडेचार मिनिटं झाली होती.

थांबून तिला शाबासकी द्यायला वेळ नव्हता. दारातून त्याने हात वर केला. मुंगीने पट मिटता मिटता मान हलवली, एक ड्रायव्हर समोरून येणाऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरला हलवतो तशी. मग तो पळत सुटला.

डेपोत पोचला तेव्हा तीनला पाच मिनिटं होती. बस भरली होती आणि कंडक्टर पायरीवर उभा राहून हातवारे करत होता. हजेरीच्या खिडकीत बाबू लाल पेन घेऊन बसला होता.

"तू आणि उशीर?" बाबूने चष्म्यावरून पाहिलं. "पंचवीस मिनिटं! वीस वर्षांत तुझ्या नावापुढे लाल शाई लागली नाही. रस्त्यात गर्दी होती असं लिहून टाकतो. कोण विचारतंय?"

"नको. गर्दी नव्हती."

"मग कारण काय लिहू?"

"मुलीची परीक्षा होती."

बाबूचा हात सवयीचा होता. तारीख, वेळ, आणि पुढच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'मुलीची परीक्षा'. वही फिरवून त्याने पुढे केली. ड्रायव्हरने सही केली. बाहेर कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. बाबू वही मिटायला लागला.

"थांबा जरा," ड्रायव्हर म्हणाला. "शाई ओली आहे. वाळू द्या."